एकविसाव्या दिवसाची हळद

आमच्या प्रयोगशाळेत माणसाचं आतडं प्लॅस्टिकच्या बारा वाट्यांत वाढत होतं. पूर्ण आतडं नव्हे, त्याचं नुसतं अस्तर. पेशींचा एकच थर. कुणा रुग्णाच्या मोठ्या आतड्यातल्या गाठीतून फार वर्षांपूर्वी परदेशात काढलेल्या पेशींचा तो वंश. आमच्याकडे तो पुण्याहून एका सपाट बाटलीत आला होता. प्रत्येक वाटीत एक छोटा पेला टांगलेला असे आणि त्या पेल्याचा तळ म्हणजे बारीक छिद्रांचा पातळ पडदा. पडद्यावर पेशी पेरायच्या आणि एकवीस दिवस दिवसाआड त्यांचं पोषणद्रव्य बदलायचं. तेवढ्या काळात त्या एकमेकींना घट्ट चिकटतात आणि लहान आतड्याच्या अस्तरासारख्या वागू लागतात. पेल्यात वरच्या बाजूला आतड्याची पोकळी आहे असं धरायचं, खालच्या वाटीत रक्त. वर औषध घालायचं आणि खाली किती उतरलं ते मोजायचं.

हे मला ज्यांनी शिकवलं त्यांना आम्ही सगळे ताई म्हणत असू. त्या पीएच.डी. करत होत्या, मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझा प्रकल्प त्यांच्या कामाचाच एक तुकडा होता. पोटातून घेतलं की वाया जाणारी काही औषधं असतात. ती पॉलिमरच्या अतिसूक्ष्म गोळ्यांमध्ये, म्हणजे नॅनोपार्टिकलमध्ये भरली, तर आतड्यातून जास्त शोषली जातील का, हा ताईंचा प्रश्न. औषधाऐवजी सध्या त्या गोळ्यांत एक चमकणारा रंग भरला होता. खालच्या वाटीत किती चमक उतरली ते यंत्रावर वाचलं की उत्तर मिळणार होतं. सहा वाट्यांमध्ये गोळ्या, सहा वाट्यांमध्ये तोच रंग सुटा. दोघांची तुलना.

ताईंच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. एकदा वाढवून मिळाली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी समिती बसणार होती, आणि तोवर गोळ्या आतड्याच्या थरातून पार जातात असं काही दाखवता आलं नाही तर पुढची मुदत मिळणं कठीण होतं. हे ताईंचे मार्गदर्शक, आमचे सर, सगळ्यांसमोर सांगत. ताई त्या वेळी वहीत काहीतरी लिहीत राहत.

मी शिरवण्याची, नेरूळशेजारच्या जुन्या गावची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. आजोबांची भातशेती आणि खाडीकाठी मिठागर होतं. ते गेलं, शहर आलं, आणि वडील पलीकडच्या कारखान्यात लागले. घर गावठाणातच राहिलं. आईला मी काय करते ते सांगायचा प्रयत्न केला होता.

"मानसाचं आतरं डब्यान वाहारतं?" तिने विचारलं.

"हां. वाढतं."

"नि त्याला जेवाला कोन घालतं?"

"मी."

"घरान कदी चूल पेटवत नाय, नि तिकरं आतऱ्याला भरवतंस," ती म्हणाली आणि दिवसभर शेजारणींना तेच सांगत राहिली.

प्रयोगशाळेत मात्र मी शिरवण्याचं नाव घेत नसे. आधी कुणी विचारलंच नव्हतं. मग एकदा डबा खाताना वाशीला राहणारा एक मुलगा वैतागून म्हणाला, "काल परत त्या गाववाल्यांची हळद. आमच्या सोसायटीत एक माणूस झोपला नाय. रस्ता बंद करून नाचतात. यांना टेन्शनच नाय कसलं."

सगळे हसले. मीही हसले.

ताई मला म्हणाल्या, "तू पण त्याच बाजूला राहतेस ना गं?"

"नाही," मी म्हणाले, "आम्ही नेरूळला. सेक्टरमध्ये."

कुठला सेक्टर ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी एखादा आकडा सांगितलाच असता. घरी 'हाय' म्हणणारी मी त्या खोलीत एकेक शब्द निवडून 'आहे' म्हणत असे, आणि ण आला की थोडी थांबत असे.

माघात माझ्या भावाचं लग्न ठरलं. रविवारी हळद, सोमवारी गोरजमुहूर्तावर लग्न. तारीख भटजींनी काढली होती. ती कळली त्याच्या चार-पाच दिवस आधीच आम्ही पेशी पेरल्या होत्या, आणि त्यांचा एकविसावा दिवस सोमवारीच येत होता. ताईंना एका वाक्यात सांगता आलं असतं. त्यांनी प्रयोग एक दिवस पुढे ढकलला असता, पेशींना एका दिवसाने काही होत नाही. पण भावाचं लग्न म्हटलं की बोलवायला हवं. बोलावलं की प्रयोगशाळेतले सगळे येणार, मग गल्ली दिसणार, मांडव दिसणार, बँजो, मांडवामागे प्यायला बसलेले माझे काका. आणि आई ताईंशी तिच्या बोलीत बोलणार. मी काही बोलले नाही. प्रयोग सकाळी सुरू होऊन चारपर्यंत संपतो, गोरजाला वेळ असतो, असा मी हिशेब केला.

आमच्याकडे लग्नाची हळद घरी कुटतात. आईने वाशीच्या मसाला मार्केटमधून हळकुंडं आणली होती. शनिवारी बायका उखळाभोवती बसल्या, धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायला लागल्या, आणि कुटलेली हळद चाळून तेलात कालवायचं काम नवऱ्याच्या बहिणीकडे आलं. म्हणजे माझ्याकडे. मी मनगटापर्यंत हात घालून ती कालवली. रविवारी भावाला लावली, आणि मग सगळ्यांनी मला लावली. बाजारच्या पुडीतली हळद दोन दिवसांत जाते. ही कुटलेली, तेलातली. नखांच्या कडेला, अंगठ्याच्या रेघांत जाऊन बसली. सोमवारी पहाटे मी साबणाने घासले तर हात तांबडे झाले, रॉकेलने पुसले तर पुन्हा पिवळे.

मी निघाले तेव्हा आई दारात आडवी आली.

"भावाचं लगीन सोरून कंच्या परीक्षेला चाललीस?"

"प्रॅक्टिकल हाय, आये. चुकलं तं वरीस जाईल."

"करवली कुटं हाय म्हनून लोकां इचारतीन. मी काय सांगू?"

"येते मी चारला."

"चारला यं. पोरगा घोऱ्यावर बसाच्या आदी यं," ती म्हणाली आणि बाजूला झाली. परीक्षा म्हटल्यावर ती नेहमीच बाजूला होत असे. तिथेही मी खोटंच बोलले होते.

प्रयोगशाळेत मी लांब बाह्यांचा ॲप्रन घातला आणि कुणी बघायच्या आत हातमोजे चढवले. त्या काळी आमच्याकडे हातमोजे जपून वापरत. दिवसाला एक जोड. खोकं सरांच्या कपाटात असे.

सकाळ छान गेली. ताईंनी दोन पायांची सळई प्रत्येक पेल्यात बुडवून विजेचा अडथळा मोजला. थर कुठे फाटलेला नाही, हे त्यावरून कळतं. बाराही वाट्या चांगल्या निघाल्या. मग वर गोळ्या आणि रंग घातला, आणि ठरल्या वेळी खालून नमुने काढत गेलो. नमुने काढून झाले की त्यात अल्कोहोल घालायचं, म्हणजे गोळ्या विरघळून आतला रंग बाहेर येतो. ते ढवळायची आमची एक पद्धत होती. नळीच्या तोंडावर अंगठा ठेवायचा आणि नळी दोनदा उलटीसुलटी करायची. पुस्तकात असं करायला सांगत नाहीत, पण आमच्याकडे सगळे करत. सुट्या रंगाच्या सहा वाट्यांचे नमुने ताईंनी घेतले, गोळ्यांचे मी.

तिसऱ्या का चौथ्या नळीला माझा उजवा हातमोजा अंगठ्यावर फाटला. अल्कोहोलने रबर चिरत असे. मी नवा मागायला हवा होता. पण मागायचा म्हणजे फाटका काढून हात दाखवायचा. घड्याळात अडीच वाजले होते. मी ताईंकडे पाठ केली, आणि उरलेल्या सगळ्या नळ्या तशाच अंगठ्याने बंद करून उलटवल्या. सुरुवातीच्या नळ्यासुद्धा पुन्हा एकदा हलवल्या, नीट मिसळलं असावं म्हणून.

यंत्रावर आकडे ताई वाचत होत्या, मी लिहीत होते. सुटा रंग जवळजवळ काही उतरला नव्हता. गोळ्यांच्या नमुन्यांना यंत्राचा काटा उजवीकडे गेला. ताईंनी नळी काढली, पुसली, परत ठेवली. तोच आकडा. सहाही वाट्यांमध्ये.

"अगं, पार जातायत," त्या हळूच म्हणाल्या. मग खुर्चीवर बसल्या आणि चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या. "पाच वर्षं गं. पाच वर्षांत पहिल्यांदा."

मला आनंद झाला होता, हे खरं आहे. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. मी लग्नाला वेळेवर पोचले.

आठ-दहा दिवसांनी मी दुसऱ्याच कामासाठी रंगाच्या काही पट्ट्या अतिनील दिव्याखाली बघत होते. काळी पेटी असते, वरून डोळा लावायचा, बाजूने हात आत घालायचा. पट्टी सरळ करायला मी हात घातला आणि माझा अंगठा पिवळा-हिरवा चमकताना दिसला. नखाची कड, पेरावरच्या रेघा, सगळं. बाहेर काढला तर साधा अंगठा. पुन्हा आत घातला.

हळद चमकते हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला हवं होतं.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी एका स्वच्छ नळीत नुसतं अल्कोहोल घेतलं, तोंडावर अंगठा ठेवून दोनदा उलटवलं आणि यंत्रात ठेवलं. काटा हलला. फार नाही, पण दहा दिवसांनंतर, इतक्या वेळा भांडी घासून झाल्यावरही हलला. त्या सोमवारी काय झालं असेल ते कळायला एवढं पुरेसं होतं. आकडा मी चिठ्ठीवर लिहिला, मग चिठ्ठी फाडली आणि तुकडे ॲप्रनच्या खिशात ठेवले, कारण कचऱ्याच्या डब्यात कुणी बघेल अशी भीती वाटली. तुकडे कुणी जोडून वाचत बसणार नव्हतं. तरी घरी नेऊन टाकले.

त्याच संध्याकाळी सांगायचं असं मी ठरवलं. मग वाटलं, प्रयोग पुन्हा होणारच आहे, एकदाच करून कुणी मानत नाही. माझे हात आता धुतलेले आहेत. दुसऱ्या वेळीही गोळ्या पार गेल्या तर सांगायची गरजच नाही. त्या एकवीस दिवसांत मी एवढीच इच्छा करत होते, गोळ्या पार जाऊ देत. दिवसाआड पोषणद्रव्य बदलताना पेल्यांकडे बघत तेच म्हणत होते.

दुसऱ्या वेळी काटा हललाच नाही. गोळ्या पेशींना नुसत्या चिकटून बसल्या होत्या.

ताईंना वाटलं, गोळ्यांची बॅच बिघडली. त्यांनी नवी केली. तिचा आकार त्यांना पटला नाही, फेकली. आणखी एक केली, तीही फेकली. पेशी फार वेळा वाढवून म्हाताऱ्या झाल्या असतील म्हणून गोठवून ठेवलेली जुनी कुपी काढली. तिसरी बॅच केली त्या आठवड्यात त्या घरी कधी जात होत्या मला माहीत नाही, मी सकाळी आले की त्या तिथे असत. मी त्यांच्या शेजारी उभी राहून चंचुपात्रं धुवत असे. त्यांनी फेकलेल्या बॅचचीही मीच धुतली.

एके दिवशी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "एकदा जमलं ते परत का जमत नाही? म्हणजे हात चालत नाहीत. पाच वर्षांत साधं कौशल्य येऊ नये?"

ताई म्हणाल्या, "परत करते, सर."

सरांचं बोलणं खरं तर माझ्या हातांबद्दल होतं. मी मान खाली घालून लेबलं लिहीत होते. लेबलं लिहीतच राहिले.

तिसऱ्या वेळीही काही उतरलं नाही. समितीला दोन दिवस होते. ताई वाट्या ठेवायच्या उबदार कपाटासमोर स्टुलावर बसून होत्या. बाकी कुणी नव्हतं.

मी म्हणाले, "ताई, पहिल्या वेळचे आकडे खोटे होते."

त्यांनी फक्त वर बघितलं. मग मी सगळं सांगितलं. हातमोजा, अंगठा, अल्कोहोल, काळी पेटी. मधले दीड-दोन महिने गप्प राहिले तेही सांगितलं. नीट सांगता येत नव्हतं, मी पुन्हापुन्हा हातमोज्यावरच येत होते.

"फाटला होता तर मागायचा," त्या म्हणाल्या.

"हात दिसला असता."

"दिसला असता तर?"

"लग्न कळलं असतं."

"कुणाचं लग्न?"

"भावाचं."

"सख्ख्या?"

"हो. आम्ही शिरवण्याला राहतो. गावात."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "मी तीन बॅच केल्या. दोन फेकल्या. तू धुतलीस ती भांडी."

"हो."

"दोन वर्षं आपण एका डब्यात जेवतो गं."

एवढंच म्हणाल्या. उठून कपाटाचं दार उगाच एकदा उघडून बंद केलं आणि गेल्या. मला ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, तेही मला माझ्यासाठीच हवं होतं.

समितीपुढे प्रकल्पाचे विद्यार्थी मागच्या रांगेत बसत. ताईंनी पहिल्या प्रयोगाचा आलेख दाखवलाच नाही. सर त्यांच्याकडे बघत होते. त्यांना ताईंनी आधी काही सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. ताईंनी दुसऱ्या-तिसऱ्या वेळचे आकडे मांडले आणि गोळ्या थराला चिकटतात पण पार जात नाहीत, असं स्पष्ट सांगितलं. समितीतल्या एका बाईंनी कागद उलटून विचारलं, "तुमच्या गोषवाऱ्यात तर जातात असं आहे."

"तो प्रयोग मी रद्द केला. नमुन्यांत बाहेरचा चमकणारा पदार्थ मिसळला होता."

"कुठून?"

"हाताळणीतून."

"नमुने कुणी तयार केले होते?"

ताई थांबल्या. थांबल्या हे मला नक्की आठवतं. मागे वळून बघितलं नाही त्यांनी. माझ्या आणि त्यांच्यामध्ये दोन रांगा खुर्च्या होत्या, बहुतेक रिकाम्या. उठून 'मी' म्हणायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा जास्त वेळ त्यांनी मला दिला.

"जबाबदारी माझीच आहे," त्या म्हणाल्या.

बाईंनी काहीतरी लिहिलं. दुसरे एक गृहस्थ म्हणाले की इतक्या वर्षांनी अशी चूक अपेक्षित नाही. मी माझ्या मांडीवरच्या फाइलकडे बघत होते. तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर होती, मनात तेच चाललं होतं. बाहेरचा परीक्षक कोण असेल, हेसुद्धा त्या क्षणी मनात येऊन गेलं.

मुदत वाढवून मिळाली नाही. माझी परीक्षा चांगली झाली. अहवालात मी चुकांच्या कारणांवर एक परिच्छेद लिहिला होता, उघड्या बोटांचा संपर्क टाळावा असं. परीक्षकांनी तो परिच्छेद वाचून प्रामाणिकपणाबद्दल माझं कौतुक केलं. सरही हसले. निकालाचे पेढे आईने गल्लीत वाटले.

पावसाळ्याच्या सुमाराला ताई आपलं सामान न्यायला आल्या. तुर्भ्याला एका औषध कंपनीत तपासणी विभागात त्यांना नोकरी लागली होती. वह्या, एक कप, कॅलेंडर, चपला, असं एक खोकं भरलं. मी ते खाली रस्त्यापर्यंत नेलं. त्यांनी नको म्हटलं नाही. रिक्षा थांबली, खोकं आत ठेवलं, त्या बसल्या.

मी म्हणाले, "ताई, त्या दिवशी समितीसमोर मी उठायला हवं होतं."

त्या सरकून नीट बसल्या, साडी आत घेतली.

"हो," त्या म्हणाल्या, "हवं होतं."

मग रिक्षावाल्याला पत्ता सांगितला आणि खोकं पडू नये म्हणून एक हात त्याच्यावर धरून ठेवला.